पोटभाडेकरू

मंगळवारी दुपारी वरणभात खाऊन जरा आडवा होतो न होतो तोच उशाशी मोबाइल गुरगुरला. आमच्या केबलवाल्याचा मेसेज. तो स्वतःला हल्ली इंटरनेट सेवा पुरवठादार म्हणवतो. पण ज्याने एकेकाळी या गच्चीवरून त्या गच्चीवर काळी वायर फेकून आम्हाला क्रिकेट दाखवलं, तो आमच्यासाठी जन्मभर केबलवालाच. मेसेजचा सारांश असा: तुमच्या जोडणीवरचं एखादं यंत्र बॉटनेटच्या लागणीत सापडलेलं दिसतं, सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर जा, मोफत साधन उतरवून घ्या आणि साफसफाई करा.

मी मेसेज तत्परतेने पुसून टाकला. 'मोफत' आहे, 'उतरवून घ्या' आहे आणि खाली निळी लिंक आहे. मुलाने पाच वर्षं घोकून घेतलेले तिन्ही अपशकुन एकाच मेसेजात! वर नाव काय, तर सायबर स्वच्छता केंद्र. घंटागाडीवाल्याने कॉम्प्युटरचा क्लास काढावा तसं. भामट्यांनी निदान नाव तरी बरं शोधावं, असं म्हणून मी कूस बदलली.

तर ते केंद्र खरं निघालं. सरकारी आहे. सर्ट-इन नावाची केंद्र सरकारची जी संस्था आहे, तिने २१ फेब्रुवारी २०१७ रोजी ते सुरू केलं. काम मोठं नामी आहे. लागण झालेली यंत्रं अधूनमधून आपल्या म्होरक्याला हजेरी देतात. म्हणजे तुमचा बिचारा कॅमेरा किंवा टीव्ही मध्यरात्री कुठेतरी दार वाजवून विचारतो, "मालक, आज काय काम?" सुरक्षावाले त्या म्होरक्याचा पत्ताच ताब्यात घेतात आणि तिथे साध्या वेशातला पोलीस बसवावा तसे बसतात. जो जो दार वाजवेल त्याचा पत्ता वहीत उतरवायचा. ती यादी जाते इंटरनेट पुरवठादारांकडे आणि पुरवठादाराने ग्राहकाला कळवायचं.

आता आमच्या केबलवाल्याकडे बाहेरच्या जगाला दिसणारे पत्ते मोजकेच. त्या एकेका पत्त्याआड अर्धा सेक्टर लपलेला. पोस्टमनला बिल्डिंग कळते, पण फ्लॅट शोधायला वॉचमन लागतो. इथे तो वॉचमन म्हणजे केबलवाल्याची नोंदवही: अमुक वाजून तमुक मिनिटांनी कोण कुठून बाहेर पडलं. एवढी शोधाशोध करून बिचाऱ्यांनी माझं दार गाठलं, आणि मी दार न उघडता आतूनच "नको" म्हणालो.

पण माझं तरी काय चुकलं? २०२२ साली मेसेज आला होता: प्रिय ग्राहक, मागील महिन्याचं बिल अद्ययावत नसल्याने आज रात्री साडेनऊ वाजता आपली वीज तोडण्यात येईल, ताबडतोब वीज अधिकाऱ्याशी संपर्क साधा. त्यावर मी धावत जाऊन टॉर्च आणि मेणबत्ती शोधली होती. नंतर महावितरणला जाहीरपणे सांगावं लागलं की हे मेसेज आमचे नव्हेत. मग फोन यायला लागले, 'ट्राय'मधून बोलतोय, दोन तासांत तुमचे सगळे नंबर बंद होणार, नऊ दाबा. नऊ दाबणारेही शहाणीसुरती माणसंच होती. खोट्या इशाऱ्याला घड्याळ असतं, धमकी असते, आणि शेवटी आपल्याला धीर द्यायला एक 'साहेब' असतो. खऱ्या इशाऱ्यात यातलं काहीच नाही. आजच करा म्हणत नाही, नाही केलं तर काय तेही सांगत नाही. भामट्यांनी सरकारी आवाज इतका घोटवलाय की खरं सरकार बोललं तर नवशिक्या भामट्यासारखं वाटतं.

त्यात केबलवाल्याने स्वतःच लांडगा आला रे आला करून ठेवलंय. त्याच्याच नावाने आठवड्याला तीन मेसेज: फक्त तुमच्यासाठी, आजच्या दिवसापुरतं, एवढ्या एमबीपीएसवर उडी घ्या. चौथा मेसेज आगीचा असला तरी तो जाहिरातीच्या ढिगातच पडणार. आता २०२५ पासून निदान एक सोय झाली आहे. व्यावसायिक मेसेजच्या नावापुढे शेवटी एक अक्षर येतं: पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकार. चार अक्षरं आहेत, बाराखडीपेक्षा सोपी. पण आमच्या जिन्यात ही कुणाला ठाऊक आहेत का, विचारून बघितलं. एका काकूंनी 'टी' म्हणजे चहावाला का, असं विचारलं.

शुक्रवारी दुसरा मेसेज. रविवारी तिसरा. सोमवारी केबलवाल्याचा पोऱ्या थेट फोनवर, "काका, तुमच्या घरातून रात्रभर काहीतरी बाहेर चाललंय. वरून विचारणा आलीये. तुम्ही बघताय का मी लाइन बंद करू?"

लाइन बंद म्हटल्यावर घर जागं झालं. रात्रीच्या मालिकेचा प्रश्न होता.

इथे आमच्या सोसायटीचं थोडं सांगायला हवं. नेरुळ, जुनी बिल्डिंग, आणि सेक्रेटरीसाहेब निवृत्त लेखापाल. भाडेकरू ठेवायचा तर लीव्ह अँड लायसन्सचा करार, पोलीस पडताळणी, सोसायटीचं ना हरकत पत्र आणि वर सेवाशुल्काच्या दहा टक्के नॉन-ऑक्युपन्सी. यातला एक कागद कमी असेल तर टेम्पो गेटवरून परत जातो. माझा मेहुणा एकदा दहा दिवस राहिला, तर अकराव्या दिवशी साहेब लिफ्टमध्ये सहज म्हणाले, "पाहुणे रमले वाटतं." अशा या किल्ल्यात, माझ्याच दिवाणखान्यात, एक पोटभाडेकरू महिनोन्‌महिने राहत होता. त्याचा ना करार, ना पडताळणी, ना एनओसी. भाडं तो तिसऱ्यालाच देत होता आणि बिल मी भरत होतो.

शोध कसा लागला? मुलगा बंगळुरूहून व्हिडिओ कॉलवर. म्हणाला, बाबा, राऊटर उलटा करा. राऊटरला पोट असतं आणि त्यावर स्टिकर असतं, हे मला त्या दिवशी कळलं. स्टिकरवर पत्ता, १९२.१६८.१.१. युजर नेम अ‍ॅडमिन, पासवर्डही अ‍ॅडमिन. चार वर्षांपूर्वी पोऱ्याने राऊटर खिळ्याला टांगला तेव्हापासून तसाच. घराला लॅच, कडी, वर जाळीचा दरवाजा आणि जाळीला नवतालचं कुलूप. राऊटरला अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन.

मुलाने समजावलं की पासवर्ड दोन असतात. वायफायचा पासवर्ड म्हणजे दाराची किल्ली. राऊटरचा पासवर्ड म्हणजे कुलूपच बदलून टाकायचा अधिकार. पहिला आपण पाहुण्यांना देतो, दुसरा कंपनीने आधीच सगळ्या जगाला देऊन ठेवलेला असतो. २०१६ साली 'मिराई' नावाच्या किडीने जगभरातले कॅमेरे आणि राऊटर असेच वेठीला धरले. त्यात घातपाताची थोर विद्या काही नव्हती, कारखान्यात टाकलेल्या युजर नेम-पासवर्डच्या साठेक जोड्या होत्या. एकामागून एक लावून बघायच्या, दार उघडतंच. आपल्याकडे जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमवर असाच हल्ला झाला. सापडले ते नेमके मूळ पासवर्ड न बदललेले मोडेम. मग कंपनीने ग्राहकांना विनंती केली, पासवर्ड बदला. आणि ग्राहकांनी... जाऊ द्या, त्या ग्राहकांतलाच मी.

वायफायच्या पासवर्डची कथा आणखी सरस. पोऱ्याच्या सोयीसाठी नेटवर्कचं नाव आडनाव आणि फ्लॅट नंबर. पासवर्ड म्हणजे ग्राहकाचा मोबाइल नंबर. त्याला किमान आठ अक्षरं लागतात, मोबाइलचे दहा आकडे, काम फत्ते. सगळ्या बिल्डिंगला हाच नियम, म्हणजे पोऱ्याला लक्षात ठेवायचा त्रास नाही. आता आमच्या लिफ्टशेजारी सोसायटीचा फळा आहे. त्यावर सेक्रेटरीसाहेबांनी स्वहस्ते, लाल-निळ्या शाईत, आणीबाणीच्या प्रसंगासाठी सर्व सभासदांची आडनावं, फ्लॅट नंबर आणि मोबाइल नंबर लिहून ठेवले आहेत. काचेच्या आत. कुलूप लावून.

राऊटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी निघाली. आम्ही घरात दोघं, आणि यंत्रं एकोणीस. तीन आमची. दोन मुलाची जुनी. एक सुनेचा फोन, जो दिवाळीत येऊन गेला होता. बाकीच्यांत कुणाचा टीव्ही, कुणाचा टॅब, आणि 'बिट्टू का फोन' असं स्पष्ट नाव असलेला एक. बिट्टू कोण, हे आजतागायत कळलेलं नाही. आणि यादीच्या तळाशी एक नुसतीच आकड्यांची रांग, बिननावाची.

केबलवाल्याच्या पानावर महिन्याचा हिशेबही असतो: उतरवलं किती, चढवलं किती. उतरवलेलं ठीक होतं. चढवलेला आकडा बघून मुलगा गप्प झाला. आम्ही नेटवर चढवतो ते काय, तर सकाळची सुप्रभातची फुलं. फुलं इतकी जड नसतात.

मग एकेक यंत्र बंद करून बघितलं. फोन, टॅब, टीव्ही. राऊटरचा दिवा लुकलुकतच होता. शेवटी टीव्हीमागे धुळीत हात घातला आणि तो काळा, उबदार, तळहाताएवढा डबा हाती लागला. तो मी स्वतः आणला होता. लॅमिंग्टन रोडवरून. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण त्या नावाने विचारलंत तर रस्त्यावरचा दुकानदारही बुचकळ्यात पडतो.) पावसात गाळ्यात शिरलो होतो, तर गाळेवाला म्हणाला, "अंकल, एकदा घ्या, आयुष्यभर सगळे चॅनेल फुकट. मॅच, पिक्चर, सगळं." कंपनीचं नाव डब्यावर नव्हतं, आतही नव्हतं. मी तेव्हा बायकोला विजयी मुद्रेने म्हणालो होतो, बघ, दर महिन्याचे पैसे वाचले!

बायकोने हे वाक्य शब्दशः लक्षात ठेवलंय, हे मला सोमवारी कळलं.

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने नेमक्या याच जातीच्या डब्यांबद्दल जाहीर इशारा दिला. त्या भानगडीचं नाव 'बॅडबॉक्स २.०'. नाव नसलेले स्वस्त टीव्ही बॉक्स, प्रोजेक्टर, डिजिटल फोटो फ्रेम. काहींत लागण विक्रीच्या आधीच भरलेली, काहींत पहिल्यांदा अ‍ॅप उतरवताना येते. पुढच्याच महिन्यात गुगलने न्यूयॉर्कच्या कोर्टात दावा लावला, त्यात अशा यंत्रांचा आकडा एक कोटीच्या वर सांगितला. धंदा सरळ आहे. लागलेला डबा तुमच्या घरचा पत्ता परक्याला भाड्याने देतो. त्या परक्याला कुठे खोटी खाती उघडायची असतात, कुठे जाहिरातींवर खोट्या टिचक्या मारायच्या असतात, कुठे चोरलेले पासवर्ड लावून बघायचे असतात. समोरच्याला दिसतं काय, तर नेरुळचा एक सभ्य, वेळेवर मेंटेनन्स भरणारा ज्येष्ठ नागरिक. आमचा डबा याच कुळातला की चुलत घराण्यातला, ते ठरवायला आमच्याकडे प्रयोगशाळा नाही. प्लग उपटला आणि मेसेज थांबले, एवढा पुरावा मला पुरला.

पत्ता परक्याच्या हाती पडला की काय होतं, हे खरं तर आमच्या भागाला वेगळं सांगायला नको. नेरुळपासून दोन स्टेशनांवर सानपाडा. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा मेल गेला. पोलीस माग काढत आले ते सानपाड्यात एका अमेरिकन रहिवाशाच्या फ्लॅटवर. त्याचं वायफाय मोकळं होतं आणि ते दुसऱ्याच कुणी वापरलं होतं. पुढचे मेल माटुंग्याच्या एका कॉलेजच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेले. २००९ च्या जानेवारीत मुंबई पोलीस यंत्रं घेऊन मोकळी वायफाय हुडकत फिरू लागले, फेब्रुवारीत दूरसंचार खात्याने पुरवठादारांना आदेश काढले. तेव्हा आम्ही सगळ्यांनी घाबरून पासवर्ड लावले. कुठला लावला, ते वर सांगितलंच.

माझी भाची जर्मनीत शिकते. तिकडे इशारा मेसेजने येत नाही, वकिलाच्या लेटरहेडवर टपालाने येतो आणि सोबत बिल असतं. तुमच्या वायफायवरून कुणी सिनेमा चोरून उतरवला, तर पत्र तुम्हाला. १२ मे २०१० चा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकालच आहे. एका माणसाच्या वायफायवरून गाणं वाटलं गेलं, तेव्हा तो सुट्टीवर गावाला गेला होता. कोर्ट म्हणालं, नुकसानभरपाई द्यायची गरज नाही, पण राऊटर बसवताना नीट बंदोबस्त केला नाहीस, तेव्हा वकिलाचा खर्च काही चुकत नाही. कायदा नंतर सौम्य झाला. तरी भाची हॉस्टेलमध्ये शिरल्यावर सामान लावण्याआधी राऊटर तपासते.

पण मला जर्मन वकील नकोत. माझा मुद्दा वेगळा आहे. राऊटर दिला कुणी? केबलवाल्याने. अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन ठेवलं कुणी? त्यानेच. मोबाइल नंबरचा पासवर्ड करायची कल्पना कुणाची? त्याच्याच पोऱ्याची. चार वर्षांत त्या यंत्राचं सॉफ्टवेअर एकदाही अद्ययावत केलं नाही कुणी? मोजत बसू नका, तोच. आणि आता इशारा कुणी कुणाला द्यायचा? त्याने मला! दार उघडं टाकून सुताराने घरमालकाला चोरांपासून सावध राहा म्हणून चिठ्ठी पाठवावी, तसं हे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून आणि ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या यंत्रांना एकच सरसकट पासवर्ड ठेवून विकायला कायद्याने बंदी आहे. आपल्याकडे पुरवठादाराला एवढंच बंधन घाला: तू टांगलेल्या राऊटरचा पासवर्ड प्रत्येक घरी वेगळा, आणि तो बदलल्याशिवाय नेट सुरू होणार नाही. मेसेज पाठवण्यापेक्षा स्वस्त पडेल. डबा मी आणला, तो गुन्हा माझा. कबूल. राऊटरचा नाही.

मंगळवारी रात्री मुलाच्या देखरेखीखाली सगळं बदललं. अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदलला. दुरून राऊटर उघडायची सोय बंद केली. डब्ल्यूपीएस बंद केलं, म्हणजे ते बटण दाबून झटपट जोडणी करणारं प्रकरण. त्यामागे आठ आकडी पिन असतो. ऐकायला दहा कोटी शक्यता, पण शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, आणि राऊटर पहिले चार वेगळे आणि पुढचे तीन वेगळे तपासतो. अर्धं बरोबर आलं की गणिताच्या प्रेमळ मास्तरांसारखा म्हणतो, हं, इथवर बरोबर! उरल्या फक्त अकरा हजार शक्यता. हे २०११ सालीच उघड झालंय. पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क काढलं, मेहुण्याच्या नावाने.

आपल्या नेटवर्कला देवनागरी नाव द्यावं असंही मनात आलं. तर त्याला मर्यादा बत्तीस बाइटची, आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह, काना-मात्रेसकट, तीन-तीन बाइट खातं. 'गणपती बाप्पा मोरया' मावत नाही. 'सदाशिव पेठ' मात्र चार बाइट राखून बसतं. पुणेकरांनी याचा जो अर्थ लावायचा तो लावावा.

बुधवारी सकाळी सात वाजल्यापासून बेल वाजू लागली. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी, "भाऊजी, तुमच्या नेटला काय झालंय? मुलीचा ऑनलाइन क्लास आहे." समोरचे काका, "अरे, आमचा टीव्ही तुझ्या नावाने काहीतरी विचारतोय." वॉचमनने नुसतं दुःखी नजरेने बघितलं. आणि साडेआठला सेक्रेटरीसाहेब स्वतः. हातात सोसायटीची फाइल. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "मेंटेनन्सच्या पावत्या मेल करायच्या होत्या, पण काल रात्रीपासून जमेना." मी अत्यंत नम्रपणे विचारलं, "साहेब, तुमची एनओसी आहे का?"

हे सगळं इथे संपायला हवं होतं. पण शनिवारी राऊटरचा लाल दिवा लागला. रस्ता खोदताना कुणीतरी फायबर तोडली होती. संध्याकाळी पोऱ्या आला, जोडणी करून गेला. मी भाजी आणायला बाहेर होतो. जाताना बायकोला म्हणाला, "काकू, सेटिंगमध्ये काहीतरी गडबड होती, मी सगळं रीसेट करून पहिल्यासारखं दिलंय." तिने त्याला चहा पाजला.

तुमच्याकडे लाइन दुरुस्त करायला शेवटचं कोण आलं होतं, ते जरा आठवा. आणि खाली उतराल तेव्हा लिफ्टशेजारचा फळा एकदा वाचून या.